न भरणारी टाकी

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात, पुंडलिकनगरसारख्या वसाहतीत घर घेणारा माणूस काय काय पाहतो? खरेदीखतांची साखळी, गुंठेवारीची फाइल, मालमत्ता कराची पावती, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का, मनपाचे नळ कितव्या दिवशी येतात, रस्त्यापेक्षा ओटा किती उंच आहे. वास्तुशास्त्र मानणारा असेल तर सेप्टिक टँक वायव्येला आहे की ईशान्येला, हेही विचारतो. ती टाकी किती खोल, तिला तळ आहे का, झाकण कुठे आणि शेवटची कधी उपसली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दिशा कळली की विषय संपतो.

उलट विकणाराच आपणहून सांगतो, "टाकीचं काही टेन्शन नाही. वीस वर्षांत एकदाही उपसायची वेळ आली नाही." घेणाऱ्याला हायसे वाटते. खरे तर याच वाक्याला त्याचे कान टवकारायला हवेत. कारण नीट बांधलेली आणि नीट वापरलेली टाकी भरतेच. जी भरत नाही, तिच्यातला माल कुठेतरी जातो आहे.

तो कुठे जातो हे कळण्यासाठी टाकीचे काम समजून घ्यावे लागते. संडासातून आलेले मैलापाणी टाकीत किमान दिवसभर तरी संथ थांबले, की जड भाग तळाशी बसतो. तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगून साय धरतो. मधल्या थरातले त्या मानाने निवळ पाणी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून शोषखड्ड्यात किंवा गटारात जाते. तळाचा गाळ हवेविना जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात, त्यातून मिथेन निघतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 च्या सुमारास असा वायू साठवून वापरण्याचा प्रयोग झाला होता. भारतातल्या गोबरगॅसच्या इतिहासात त्याची नोंद आवर्जून घेतली जाते. पण जिवाणू कितीही कामसू असले तरी सगळा गाळ संपवत नाहीत. तो साचत राहतो. म्हणून घरगुती टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी, असे भारतीय मानक सांगते.

वीस वर्षे न भरलेल्या टाकीची कारणे मोजकीच असतात. एक तर तिला तळच नसतो. मिस्त्रीने चार भिंती उभ्या केल्या, खाली मुरूम तसाच सोडला, विटांच्या सांध्यांना आतून गिलावा केला नाही. अशी टाकी म्हणजे नावाची सेप्टिक टँक आणि कामाने शोषखड्डा. दुसरे कारण याहून सर्रास आढळते. टाकी गाळाने केव्हाच भरलेली असते. पण येणारे पाणी गाळावरून वाट काढत मैल्यासकट पुढच्या गटारात किंवा नाल्यात निघून जाते. घरात काही तुंबत नाही, म्हणून घरमालक खूश. तिसरे कारण निरुपद्रवी आहे : मनपाची ड्रेनेज लाइन आल्यावर संडासाची जोडणी थेट तिला दिली आणि टाकी मागे नुसतीच राहिली. मात्र असे असेल तर जोडणीची पावती मिळायला हवी आणि रस्त्यावरच्या चेंबरमध्ये घरातले पाणी उतरताना दिसायला हवे. "लाइनला जोडलंय" हे तोंडी वाक्य पुरावा नव्हे.

पुंडलिकनगरचे नाव इथे मुद्दाम घेतले. शेजारीच सिडकोचा एन-4 भाग आहे. तिथे आधी आखणी झाली, रस्ते आणि मलवाहिन्या टाकल्या गेल्या, मग घरे आली. गुंठेवारीच्या पट्ट्यात हा क्रम उलटा झाला. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पडले, बाँडवर व्यवहार झाले, लोकांनी पोटाला चिमटा काढून घरे बांधली आणि सोयी मागून, तुकड्या-तुकड्याने आल्या. गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ मिळाला. शहरात भूमिगत गटार योजना झाली, कांचनवाडीला दिवसाला 161 दशलक्ष लिटर क्षमतेचे मलजल शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. तरी एखाद्या गल्लीतले एखादे घर त्या वाहिनीला खरोखर जोडलेले आहे का, हे त्या-त्या घरापाशी जाऊनच कळते. गुंठेवारीची फाइल मंजूर झाली म्हणजे टाकीही तपासली गेली, असे समजण्याचे कारण नाही.

आता जरा हिशेब करू. 20 बाय 30 फुटांचा प्लॉट घ्या. अशा वसाहतींत हे माप ओळखीचे आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर आणि राहत्या इमारतीपासून 6 मीटर दूर असावा, असे भारतीय मानक म्हणते. 18 मीटर म्हणजे 59 फूट. या प्लॉटचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्णच 36 फूट भरतो. 6 मीटर म्हणजे प्लॉटची जवळजवळ पूर्ण रुंदी. याचा अर्थ, बोअर आणि शोषखड्डा दोन्ही आपल्याच प्लॉटमध्ये असतील तर ते कुठल्याही कोपऱ्यात बसवा, नियमातले अंतर राखणे अशक्य आहे. शेजाऱ्याचा शोषखड्डा आपल्या बोअरपासून किती दूर आहे, हा आणखी वेगळा प्रश्न. आणि या शहरात बोअर हौसेने घेतला जात नाही. जायकवाडीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तोवर घर बोअरवर आणि टँकरवर चालते.

जमीनही साथ देत नाही. मराठवाड्याचा हा भाग बेसाल्टचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अखंड पाषाणात पाणी मुरतच नाही आणि भेगाळलेल्या खडकात ते गाळून न निघता भेगांमधून दूरवर पळते. म्हणून शोषखड्डा खणण्याआधी जमीन किती शोषते हे पाहण्याची चाचणी मानकात दिली आहे : लहान खड्डा करून तो आधी पाण्याने भिजू द्यायचा, मग पाण्याची पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. तासाहून जास्त वेळ लागला तर ती जागा शोषखड्ड्याच्या कामाची नाही. घड्याळ आणि पट्टी एवढ्यावर होणारी ही चाचणी. घर बांधताना ती करणारे विरळाच.

मग घेणाऱ्याने करायचे काय?

सुरुवात कागदांपासून करावी, कारण ते फुकट असतात. बांधकामाचा नकाशा, असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, ड्रेनेज जोडणीची पावती, टाकी उपसल्याची एखादी पावती. नकाशात टाकी एका जागी आणि प्रत्यक्षात दुसरीकडेच, हे सर्रास होते. नकाशापेक्षा माणसे मोजणे जास्त उपयोगी पडते. मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची खोली असलेली टाकी लागते. वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा. वीस माणसांसाठी हीच मापे 2.3, 1.1 आणि 1.3 मीटर होतात, म्हणजे पाण्याची क्षमता सव्वाअकराशे लिटरवरून जवळपास तेहेतीसशे लिटरवर जाते. तळमजल्यावर एक कुटुंब धरून टाकी बांधली आणि पुढे वर दोन मजले चढवून भाडेकरू ठेवले, की टाकी तीच राहते आणि पाणी तिप्पट होते. संथ थांबायला उसंतच न मिळालेला मैला तसाच पुढे ढकलला जातो. वरचा मजला "भाड्याचं उत्पन्न" म्हणून दाखवला जातो तेव्हा टाकीचे माप विचारावे.

नंतर घराभोवती एक फेरी. टाकी पार्किंगच्या फरशीखाली आहे की जिन्याखाली? झाकण दिसते का? गोल झाकणाचे तोंड किमान 50 सेंटिमीटरचे असावे. वर टाइल्स बसवून झाकणच गाडून टाकले असेल तर ही टाकी कोणी उपसलेली नाही आणि पुढेही फरशी फोडल्याशिवाय उपसता येणार नाही, हे तिथेच कळते. हवेचा पाइप घराच्या वर निघालेला हवा. टाकी इमारतीला खेटून असेल तर मानक तो छताच्याही दोन मीटर वर न्यायला सांगते. खिडकीच्या उंचीवर कापलेला पाइप संध्याकाळी वासानेच सापडतो. शोषखड्ड्यावरची जमीन ओली किंवा दबलेली आहे का, भर मे महिन्यात तिथलेच गवत हिरवेगार आहे का, तेही पाहावे. शक्य असेल तर घर दोनदा बघावे : एकदा उन्हाळ्यात आणि एकदा चांगला पाऊस झाल्यावर. उन्हाळ्यात शहाण्यासारखी वागणारी टाकी जुलैत, मुरूम पाण्याने भरला की, उलटी तुंबते.

बंद घराच्या बाबतीत अधिक सावध राहावे. सहा महिने कोणी राहत नसेल तर टाकी बिचारी शांतच असणार. तिथे पाणी सोडून पाहणे हा उपाय. सगळे नळ सोडावेत, एकामागून एक फ्लश ओढावेत, संडासात खाण्याचा गडद रंग टाकावा आणि चेंबर उघडून तो कुठे निघतो ते पाहावे. घरामागच्या नाल्यात रंग उतरला तर पुढे काही विचारायला नको.

खरी तपासणी झाकण उघडल्यावर सुरू होते आणि ती जाणत्या प्लंबरकडून किंवा मैला टँकरवाल्यांकडून करून घ्यावी. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : टाकी आधी बघायची, मग उपसायची. "तुम्ही यायच्या आधी साफ करून ठेवतो," असे विकणारा म्हणाला तर त्याला हात जोडून नको म्हणावे. रिकामी टाकी काही सांगत नाही. भरलेल्या टाकीतली पाण्याची पातळी सगळे सांगते. वापरातल्या, धडधाकट टाकीत पाणी बरोबर बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असते. त्याच्याखाली असेल तर टाकी गळते आहे किंवा तिला तळ नाही. त्याच्या वर चढले असेल तर पुढचा शोषखड्डा किंवा लाइन तुंबली आहे. भिंतीवर पाइपाच्या बऱ्याच वर काळी रेघ उमटलेली दिसली, तर आज पातळी ठीक असली तरी टाकी पूर्वी कधीतरी तुंबली होती.

गाळ मोजण्याची पद्धत जुनी आणि साधी आहे. लांब काठीला पांढरे जाड कापड गुंडाळायचे, ती तळापर्यंत हळूच सोडायची, दोन-चार मिनिटे थांबून तितक्याच हळू वर काढायची. कापड जिथवर काळे पडले तिथवर गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या एकूण खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत गेले असतील तर टाकी उपसायला आली. त्याच वेळी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना खाली वळणारे टी आहेत का, हे पाहून घ्यावे. बाहेरच्या तोंडाचा टी तुटला असेल तर वरची साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि त्याची छिद्रे कायमची बुजवते. टी शे-दोनशे रुपयांचा असेल, पण शोषखड्डा नव्याने खणायचा म्हणजे अंगण फोडणे आले.

हे पाहून झाल्यावर सक्शनची गाडी बोलवावी. टाकी रिकामी होत असताना बाहेरच्या पाइपातून पाणी उलटे टाकीत यायला लागले तर शोषखड्डा काठोकाठ भरलेला आहे, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. रिकाम्या टाकीत वरूनच बॅटरीचा उजेड टाकून तळ, भिंतींच्या भेगा आणि मधली भिंत पाहावी, मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. घर ते टाकी या पाइपाविषयी शंका असेल तर केबलला लावलेला कॅमेरा आत सोडणारे व्यावसायिक मोठ्या शहरांत मिळतात. जुनी सिमेंटची पाइपलाइन किंवा झाडाची मुळे असतील तर तो खर्च करावा; एरवी काठी, कापड आणि बॅटरीने नव्वद टक्के काम भागते, असे म्हणायला हरकत नाही.

आणि बोअरचे पाणी. टाकीची तपासणी त्याशिवाय अर्धवट राहते. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू अजिबात सापडता कामा नयेत आणि नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाणी तपासतात, खासगी प्रयोगशाळाही आहेत. जिवाणूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन त्याच दिवशी पोहोचवायचा असतो. कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या बाटलीतला नमुना उपयोगाचा नाही.

उघड्या झाकणापाशी एक मर्यादा कोणीही ओलांडायची नाही. कोणी आत उतरायचे नाही, वाकून डोके आत घालायचे नाही, काडी पेटवायची नाही. मिथेन पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल तर नाक बधिर करतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे वायू नाही असे होत नाही. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊच्या तांड्यावर सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गुदमरून मेले. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने माणसाला अशा टाकीत सुरक्षेविना उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा नियम फक्त नगरपालिकेला नाही, माणूस कामाला लावणाऱ्या घरमालकालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मलवाहिनीत मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. "दोन माणसं लावून स्वस्तात करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

परदेशांत काही ठिकाणी घरविक्री आणि टाकी यांची गाठ कायद्यानेच बांधलेली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात घर विकण्याआधी परवानाधारक निरीक्षकाकडून टाकीची तपासणी करून घ्यावी लागते. ती साधारण दोन वर्षे ग्राह्य धरली जाते आणि दरवर्षी उपसा केल्याची नोंद असेल तर तीन. आयर्लंडमध्ये टाकीची नोंदणी असते. आपल्याकडे असे काही नाही, पण अगदीच हात रिकामे आहेत असेही नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. फरशीखालची तळ नसलेली टाकी या वर्णनात चपखल बसू शकते. मात्र "साधी दक्षता" हे शब्द विसरू नयेत : झाकण समोर असताना उघडलेच नाही, तर नंतरची तक्रार लंगडी पडते. रेरात नोंदलेल्या नव्या रो-हाऊसला आणखी एक कवच आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सोयींत निघालेला दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

घराघराने एकेकट्याने हे करण्यापेक्षा गावाने केले तर काय होते, हे पाहायला सातारा जिल्ह्यातल्या वाईला जावे. कृष्णाकाठच्या या 36 हजार वस्तीच्या गावाने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने टाकी तुंबली की फोन करायची पद्धत मोडली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या केंद्राच्या साहाय्याने तिथे नियोजित उपसा सुरू झाला : गावाचे भाग पाडायचे, दर तीन वर्षांत प्रत्येक टाकीची पाळी लावायची. गाडी दारात येते तेव्हा वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, खर्च करांतून भागतो. उपसलेला मैलागाळ नाल्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. शिवाय प्रत्येक उपशाची नोंद होते. संभाजीनगरात घर घेणाऱ्याला जी माहिती खोदून काढावी लागते, ती अशा गावात नोंदीत सापडू शकते. 2011 च्या जनगणनेत शहरी भारतातली 38 टक्के घरे सेप्टिक टँकवर होती आणि मलवाहिनीवर जेमतेम 33 टक्के. एवढी घरे ज्या सोयीवर उभी आहेत तिचे दप्तर मोजक्याच गावांत असावे, ही आपल्या नगरपालिकांची मोठीच हलगर्जी आहे.

स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनाही यातले बरेच लागू आहे. दर दोन-तीन वर्षांनी उपसा, पावती जपून ठेवणे, झाकणावर टाइल न बसवणे, संडासात अ‍ॅसिडचा मारा न करणे, सॅनिटरी पॅड आणि तेल न टाकणे. बाजारात जिवाणूंच्या पुड्या मिळतात; "ही टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही" असे त्यांवर लिहिलेले असते. जिवाणू टाकीत आपोआपच असतात आणि कुठलीही पुडी उपशाची जागा घेत नाही.

टाकी उपसायची असेल तर 14420 हा मलवाहिनी आणि सेप्टिक टँकच्या सफाईसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. आणि घर घ्यायचे असेल तर इसार देण्यापूर्वी विकणाऱ्याला एकच विनंती करावी : झाकण उघडून दाखवा, आम्ही येईपर्यंत टाकी उपसू नका. तो टाळाटाळ करू लागला तर इसाराची रक्कम खिशातच राहू द्यावी.